पुरुषभर उंचीचं रान

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी उन्हाळ्यात नाल्याचं खोलीकरण झालं. काम नेटकं होतं. पात्र रुंद केलेलं, तळ सपाट, दोन्ही काठ उतरते घासून घेतलेले, मध्ये दोन-तीन ठिकाणी पाणी अडवायला बांध. काठावरचे अर्जुनसादडे, करंज, जांभळं, दोन जुनी उंबरं सगळी जागच्या जागी उभी. काम दाखवणाऱ्या माणसाच्या आवाजात खराखुरा अभिमान होता. "भाऊ, एक बी झाड तोडलं नाही आम्ही." आणि ते खरं होतं. ज्या तालुक्यात विहिरींचं पाणी हातभर नव्हे, बोअरच्या नळीनळीने खाली गेलंय, तिथे झाड राखून पाणी अडवणाऱ्या गावाला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या करंजांखाली दर उन्हाळ्यात सकाळी उमटणारी सहा-सात सुरांची बारीक किणकिण त्या वर्षी उमटली नाही. झाडं होती, पाणी यायचं होतं, आणि पक्षी गेला होता. सगळं राखलं असं वाटत असताना नेमकं काय गेलं, हा प्रश्न ते वाक्य ऐकल्यापासून सुटत नाही.

तो पक्षी म्हणजे टिकेलची निलिमा. खान्देशात बहुतेकांनी तो ऐकलेला असतो, पाहिलेला नसतो. लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहून थोडी कमीच. नराची पाठ गडद निळी, कपाळावर आणि खांद्याशी उजेड पडला तर चमकणारी, गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरं. मादीचा निळा राखाडीकडे झुकलेला, छातीचा नारिंगीही फिका. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने १८४३ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. भारतात हिमालयाच्या पायथ्यापासून खाली जवळपास सगळीकडे, तसाच श्रीलंकेत आणि पुढे आग्नेय आशियात हा सापडतो, त्यामुळे दुर्मीळ म्हणावा असा नाही. तरी तो दिसत नाही, कारण पक्षी बघायला निघालेला माणूस मान वर करतो आणि हा वर नसतो. जमिनीपासून माणसाचा हात पोहोचेल तितक्या उंचीपर्यंतचं जे रान, ते त्याचं. शेंड्यावर हरियल, मधल्या फांद्यांवर हळद्या, बुंध्यावर सुतार, आणि खालच्या गचपणात, सावलीत, पाचोळ्यावर कमरेएवढ्या उंचीच्या काटकीवर ताठ बसलेली निलिमा.

तिची शिकार बघितली की या पुरुषभर उंचीच्या पट्ट्यात काय काय लागतं ते एकेक करून कळतं. आधी बसायला जागा. अंगठ्याएवढी जाड फांदी तिला सोयीची नाही, पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक, शक्यतो आडवी आणि पानं झडलेली काटकी हवी. मग त्या काटकीपुढे दोन-तीन मीटर मोकळी हवा, कारण तिचं काम झेपेचं असतं. कीटक उडाला की सुटायचं, हवेत चोचीत धरायचा आणि त्याच किंवा शेजारच्या काटकीवर परत. गचपण ठासून भरलेलं असेल तर झेप घेता येत नाही. अगदी उघडं असेल तर ती बसतच नाही, शिक्रा वरून बघत असतो. म्हणजे दाट आणि विरळ यांच्या सीमेवरची जागा लागते. तिसरी गोष्ट खाली असते. हवेत उडणारे बारीक कीटक हवेत जन्मत नाहीत. चिलटं, लांब पायांच्या माश्या, छोटे भुंगे यांच्या अळ्या ओलसर पाचोळ्यात आणि कुजक्या लाकडात वाढतात. पाचोळा चार बोटं जाड असेल आणि त्याचा खालचा थर हाताला गार लागत असेल, तर वरच्या काटकीवर बसणाऱ्याचं पोट भरतं. संध्याकाळी उजेड जवळजवळ सरेपर्यंत ती शिकार करते, आणि अशा वेळी कधी कधी सरळ जमिनीवर उतरून रांगणारा किडाही उचलते.

आता तो घासून घेतलेला काठ डोळ्यांसमोर आणून बघा. काटक्या नाहीत, पाचोळा नाही. छप्पर शाबूत ठेवून घरातली चूल, रांजण आणि भिंती उचलून न्याव्यात, तसं झालं.

या खालच्या मजल्याचं मोल जगाला कळलं ते फार दूरच्या जंगलांतून. विषुववृत्ताजवळच्या वर्षावनात झाडांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की जमिनीपर्यंत उन्हाचा शेकडा एक-दोन भागच पोहोचतो. त्या अंधुक, दमट, वर्षभर फारशा न बदलणाऱ्या हवेत कीटक खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांची घराणीच्या घराणी घडली. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले मुंगीपक्षी त्यांतले मोठे घराणे, सव्वादोनशेहून अधिक जातींचं. ते मुंग्या खातात असं नावावरून वाटतं, पण त्यांतले बरेचसे मुंग्यांच्या वाटेला जातच नाहीत. लढाऊ मुंग्यांचे थवे पाचोळ्यातून पसरत पुढे सरकतात, तेव्हा नाकतोडे, झुरळं, कोळी जीव घेऊन बाहेर पळतात. हे पक्षी जमिनीलगतच्या उभ्या काटक्यांना धरून थव्याच्या पुढे वाट बघत असतात आणि पळणारा किडा टिपतात. काही जाती तर या मुंग्यांच्या मागेच आयुष्य काढतात. इतर जाती मिश्र टोळ्या करून फिरतात. टोळीत एक पहारेकरी जात असते, ती ससाणा दिसला की ओरडते, तिच्या भरवशावर बाकीचे मान खाली घालून पानं उलटतात. टोळीचा इलाखा काही हेक्टरांचा, आणि तो वर्षानुवर्षं तोच.

इतकं बांधलेलं आयुष्य तुटतंही तितक्याच सहज. ब्राझीलमध्ये मनौस शहराच्या उत्तरेला अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने १९७९ साली एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. कुरणांसाठी जंगल तोडलं जाणारच होतं, तेव्हा मध्ये १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे राखून ठेवायचे आणि त्यांत काय टिकतं ते पाहायचं. तुकड्यांत झाडं होती तशीच उभी होती. तरी खालच्या मजल्यावरचे कीटकभक्षी पक्षी झपाट्याने गेले. मुंग्यांमागे फिरणारे आधी गेले, कारण लहान तुकड्यात मुंग्यांचंच भागत नाही. १०० हेक्टरांच्या तुकड्यांनीही खालच्या थरातल्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत गमावल्या. ते पक्षी पलीकडच्या जंगलातून परत का येत नाहीत, याचं उत्तर पनामातून आलं. पनामा कालव्यासाठी तयार झालेल्या गटून तलावात संशोधकांनी जंगलातले पक्षी होडीतून नेऊन काठापासून ठरावीक अंतरांवर सोडले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात खालच्या थरातल्या काही जातींना १०० मीटर पाणीही ओलांडता आलं नाही. पंख होते, पण उघड्यावर उडायची सवय त्या जातींच्या अंगात कधी मुरलीच नव्हती. अलीकडे, २०२१ साली, त्याच मनौसच्या परिसरातल्या ७७ जातींच्या चाळीस वर्षांच्या मोजमापांतून दिसलं की न तोडलेल्या जंगलातही या पक्ष्यांचं सरासरी वजन घटत गेलं आहे, आणि त्याचा संबंध वाढत्या उष्ण, कोरड्या हवेशी लागतो.

आपली निलिमा या मुंगीपक्ष्यांइतकी नाजूक नाही, हे आधी स्पष्ट म्हणायला हवं. ती गावाजवळच्या देवराईत राहते, जुन्या बागेत राहते, बांबूच्या बेटात राहते, एका आमराईतून दुसरीत जाते. उघडं शेत तिला भिंत वाटत नाही. म्हणूनच तिच्याबद्दल लिहिताना हळहळ करण्यापेक्षा हिशेब मांडावासा वाटतो. तिथे जे गमावलं ते परत आणायला कित्येक दशकं लागतात. इथे दोन पावसाळे लागतात.

पण खान्देशाची अडचण वेगळी आहे, आणि ती वर्षावनातल्या पक्ष्याला कधी सोसावी लागत नाही. आपल्या रानाचा खालचा मजला वर्षातले चार महिने असतोच कुठे? साग, सालई, मोई, अंजन, धावडा, पळस सगळे पानगळीचे. माघ-फाल्गुनात सातपुड्याच्या उतारावरून बघितलं तर डोंगराची हाडं दिसतात. जुलैत जिथे मुरडशेंग आणि निर्गुडीच्या आत शिरायला वाट नसते, तिथे मार्चमध्ये पलीकडच्या टेकडीवरची गुरं मोजता येतात. आणि याच चार महिन्यांत, एप्रिल-मेला, भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पक्ष्याच्या शरीराचं तापमान साधारण ४१-४२ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून गार असेल तोवर अंगातली उष्णता हवेत सोडता येते. हवा अंगाहून तापली की उलटं होतं, हवाच अंग तापवते, आणि मग उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाणी वाफेवाटे घालवणं. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडी टाकून धापतो, श्वासावाटे अंगातली ओल उडवतो. इतक्या लहान जिवात मुळात पाणी असतं किती! ती ओल कीटकांतून आणि पाण्यातून भरून काढली नाही तर एक दुपारही जड जाते. म्हणून चैत्र-वैशाखात निलिमा सापडते ती नाल्याच्या घळीत. पालजवळच्या सुकी नदीच्या काठाने, मनुदेवीच्या ओढ्यात, दक्षिणेला पाटणादेवीच्या खोऱ्यात, जिथे करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा यांनी उन्हाळ्यातही हिरवं धरून ठेवलंय, तिथे. वीस-तीस पावलं रुंदीची ती हिरवी रेघ म्हणजे त्या चार महिन्यांपुरतं तिचं सगळं जंगल असतं. डोंगर हजारो हेक्टरांचा असला तरी मे महिन्याची दुपार त्या रेघेतच काढायची असते.

आणि आपण उन्हाळ्यात यंत्र उतरवतो ते नेमकं त्या रेघेत.

इथे थोडं बारकाईने बोलायला हवं, कारण नाला खोल करू नका असं सांगून कोणी ऐकणार नाही आणि सांगूही नये. काठ कोणता घासायचा हे मात्र आपल्या हातात असतं. सातपुडा तापीच्या उत्तरेला आहे, त्यामुळे त्याचे नाले ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेला उतरतात. अजिंठा-सातमाळा रांगेतले ओढे दक्षिणेकडून उत्तरेला. दोन्हीकडे नाल्याचा एक काठ पूर्वेला आणि एक पश्चिमेला येतो. खान्देशात जाळणारं ऊन सकाळचं नाही, दुपारी दोन ते पाचचं आहे, आणि ते पश्चिमेकडून तिरपं येतं. पश्चिम काठावरचं गचपण जसंच्या तसं राहिलं तर त्याची सावली त्या वेळी पात्रावर आणि समोरच्या काठावर पडते. म्हणून यंत्र पूर्वेच्या काठाला उभं करायचं, गाळ त्याच काठावर टाकायचा आणि पश्चिमेचा काठ हात न लावता सोडायचा. पाणी साठायला याने काही कमी पडत नाही, खोली तीच मिळते. पाण्यावर सावली असली तर बाष्पीभवनही कमी होतं, तो गावाचाही फायदा. नाला वळत असेल तर वळणाच्या बाहेरचा, पाण्याने कापलेला उभा काठ राखावा. तिथे मुळं लोंबतात, दगड सुटून कपारी होतात, मातीत पोकळ्या राहतात, आणि निलिमेचं घरटं अशाच ठिकाणी असतं. झाडाची ढोली, दरडीतली खोबण, खडकाची फट, बांबूच्या बुडातला पोकळ कोपरा, आणि उंची बहुतेक वेळा माणसाच्या डोक्याखाली. वाळकी पानं आणि शेवाळ यांची वाटी, आतून बारीक मुळ्या आणि गवताची काडी, आणि तीन ते पाच अंडी. उतरता घासलेला काठ दिसायला सुबक असतो, पण त्यात एकही खोबण राहत नाही.

वेळेचंही तसंच. विणीचा हंगाम एप्रिल ते ऑगस्ट, त्यातही मे-जून जोराचा. खोलीकरण एप्रिल-मेमध्ये होतं, कारण तेव्हा पात्र कोरडं असतं आणि शेतं मोकळी असतात. पण आपले बरेचसे छोटे नाले संक्रांतीनंतरच आटलेले असतात. काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकता आलं तर घरट्यावर फावडं पडत नाही. रब्बीचं पीक उभं असल्याने यंत्र न्यायला वाट मिळत नाही ही अडचण खरी आहे. ती बांधाच्या कडेने आधी वाट ठरवून सुटते, आणि जिथे सुटत नाही तिथे निदान उभ्या काठाचा तो तुकडा तरी दोरी बांधून वेगळा ठेवावा. चालकाला तोंडी सांगून भागत नाही, त्याला खूण दिसावी लागते.

खालच्या मजल्याचा दुसरा घात आगीने होतो. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटपतात, पाचोळ्यात सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करायची जुनी रीत आहे. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. मोह वेचणाऱ्या पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांचं वर्षाचं मीठ-तेल त्या टोपलीत असतं, त्यांच्यावर बोट रोखून रान वाचणार नाही. पण ही आग दिसते त्याहून वाईट असते. ज्वाळा गुडघ्याएवढीच असते, मोठ्या झाडाला काही होत नाही, म्हणून वणवा किरकोळ वाटतो. मरतं ते गुडघ्याएवढंच, म्हणजे रोपं, झुडपांची नवी फूट, कुजकं लाकूड, अळ्या, अंडी, आणि त्यावर जगणारं सगळं. काळी पडलेली जमीन दुपारी अधिकच तापते आणि पहिल्या पावसात तिच्यावरची माती थेट नाल्यात, म्हणजे नुकत्याच काढलेल्या गाळाच्या जागी, जाऊन बसते. यावर चालणारा उपाय साधा आहे. झाडाच्या घेराइतकी, साधारण चार-सहा मीटर त्रिज्येची जागा झाडूने लोटून घ्यायची, पाचोळा घेराबाहेर कडं करून ठेवायचा, त्यावर दोन-चार जड फांद्या टाकायच्या म्हणजे वारा परत आणत नाही. जुन्या साड्या शिवून किंवा हिरवी जाळी खाली अंथरली तर फूलही स्वच्छ राहतं, मातीचं मिळत नाही, आणि स्वच्छ मोहाला भाव बरा येतो. जाळी बुंध्याभोवती घट्ट गुंडाळू नये आणि उतारावर खालची कड थोडी उचलून बांधावी, नाहीतर फुलं घरंगळून निघून जातात.

केळीचं काय, असं रावेर-यावलकडचा माणूस विचारतोच. बारमाही ओल, दाट सावली, वारा नाही. बाहेरून बघितलं तर केळीचा मळा हे खान्देशातलं सगळ्यांत वर्षावनासारखं ठिकाण. तरी निलिमा त्यात मुक्काम करत नाही, आणि कारण बघायला गेलं तर फार साधं आहे. केळीला फांदी नाही. चोपडा बुंधा आणि रुंद पान, यांत बारीक आडवी काटकी कुठेच नाही, की जिच्यावर बसून पुढे झेप घ्यावी. शिवाय करपा या पानांच्या रोगाच्या भीतीने जुनी पानं कापून बाहेर नेली जातात, जमीन लखलखीत राहते, आणि फवारणी चालू असते. कापसात आपण पक्षी थांबे उभारतो, पण ते उघड्या उन्हातले, उंच, कोतवाल आणि मैनांसाठीचे. त्यांवर ही येत नाही. मळ्याच्या कडेला, बांधावरच्या झुडपांच्या आतल्या बाजूला बोरीच्या किंवा बाभळीच्या वाळलेल्या फांद्या कमरेएवढ्या उंचीवर आडव्या खोचल्या, तर मात्र तिथे बसून ती मळ्यातून बाहेर येणारी चिलटं टिपू शकते. त्या कडेच्या चार-पाच मीटरांवर फवाऱ्याचं तोंड वळू देऊ नये.

बांधावर असा पट्टा मुद्दाम तयार करायचा तर तो निदान तीन मीटर रुंद धरावा. एका ओळीचं कुंपण उपयोगाचं नाही, त्याला आत आणि बाहेर असं काही उरत नाही. दोन ओळी, त्यांत दीड मीटर अंतर, रोपं एकमेकांच्या फटीत येतील अशी तिरकी. बाहेरच्या ओळीत निर्गुडी आणि अडुळसा लावावा, कारण शेळ्या या दोन्हींना तोंड लावत नाहीत, आणि खान्देशात पहिल्या दोन वर्षांत रोपं मरतात ती बहुतेक शेळ्यांमुळेच. निर्गुडीला रोपवाटिकेची गरज नाही. जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या घेऊन दोन डोळे मातीत आणि दोन वर राहतील अशा खोचल्या की बऱ्याच धरतात. काडी उलटी खोचली जाऊ नये म्हणून खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापायची सवय ठेवावी. आतल्या ओळीत करवंद, मुरडशेंग, मधूनमधून करंज आणि एखादं उंबर. छाटणी करायचीच तर शेंड्याची करावी. बुडापासून झुडूप पिंजून, खालच्या फांद्या काढून मोकळं करायची आपल्याला फार हौस असते, आणि निलिमेला लागणाऱ्या काटक्या नेमक्या त्या. घाणेरी आधीच माजली असेल तर ती एका वर्षात सगळी उपटू नये. ती रानाचा गळा आवळते हे खरं, पण तिच्याखेरीज आडोसा नसेल तर उपटल्यावर उघडं माळरान उरतं. दर वर्षी एक तृतीयांश काढावी, तिथे वर सांगितलेली झाडं लावावीत, आणि ती कमरेला लागल्यावर पुढचा तिसरा भाग घ्यावा.

पाचोळा विकत आणायचा नाही, जाळायचा नाही, एवढंच. पण नुसत्या सागाच्या पानांचा पाचोळा भरवशाचा नाही. ती मोठी, चिवट पानं एकावर एक चपटी बसतात, वरचं पाणी बाजूला ढकलतात, आणि खालचा थर कोरडा राहतो. करंज, उंबर, जांभूळ यांची पानं निम्म्याने मिसळली की ओल धरते. चार बोटं जाडी पुरेशी आहे. वीतभर केली तर खाली दमट कुजवा होतो आणि वाळवी घराकडे सरकते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा संध्याकाळी शिंपडावं, रोज नको. एखादं जाड ओंडकं अर्धं मातीत पुरून तसंच कुजू द्यावं.

पाणी ठेवताना लोक मन लावून ठेवतात आणि तरी काही चुका जागोजाग दिसतात. परळ खोल असतं, किंवा उन्हात असतं, किंवा प्लॅस्टिकचं गुळगुळीत टब असतं ज्यावर पाय ठरत नाही आणि पाणी दुपारी कढतं. मातीचं हातभर रुंद परळ, पाण्याची खोली कडेला बोटभर आणि मध्ये फार तर दोन बोटं, आत एक खरबरीत चपटा दगड. सकाळी अकरा ते पाच पूर्ण सावली येईल अशी जागा. परळ जमिनीवर नको, मांजराचं भय. दगड रचून कमरेएवढा ओटा करावा आणि बुडाशी बोरीच्या काटेरी फांद्या पसराव्यात. परळापासून हातभर अंतरावर एक वाळकी आडवी काटकी रोवावी, कारण निलिमा थेट पाण्यावर उतरत नाही, आधी बसून बघते. थेंबाचा आवाज झाला तर ती लवकर येते. त्यासाठी जुनं मडकं रात्रभर भिजवून तळाला खिळ्याने हळूहळू फिरवत छिद्र पाडावं, ठोकलं की मडकं फुटतं. छिद्रातून सुती वात ओवून आतल्या बाजूला गाठ मारावी. गाठ सैल-घट्ट करत दोन सेकंदांना एक थेंब असा वेग बसवावा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे दिवसरात्रीत दोन लिटरांच्या आसपास पाणी जातं, आणि पाच लिटरांचं मडकं स्वतःचं झिरपणं धरून दोन दिवस पुरतं. मडकं परळापासून दीड फूट वर टांगावं, त्याहून उंच टांगलं तर थेंब उडून पाणी बाहेर सांडतं. बोअरच्या जड पाण्याचा क्षार वातीत बसतो आणि थेंब थांबतो, म्हणून पंधरवड्याला वात बदलायची. परळ दोन दिवसांनी नारळाच्या काथ्याने घासायचं, साबण लावायचा नाही. डासाला अंड्यापासून पंखापर्यंत यायला आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे दोन दिवसांची शिस्त पाळली तर घरच्यांची तक्रार येत नाही.

पक्षी आला का, हे डोळ्यांनी शोधण्यापेक्षा कानांनी शोधावं. तांबडं फुटल्यावरचा पहिला तास, वारा नसलेली सकाळ. आधी उतरत जाणारे आणि मग चढणारे सहा ते दहा सूर, धातूवर हलकेच टिचकी मारल्यागत बारीक, थांबून थांबून पुन्हा तेच. मधूनमधून नुसतं टिक-टिक. आवाजाच्या दिशेने चालत जाऊ नये, बसून राहावं आणि नजर कमरेच्या खाली ठेवावी. दुर्बीण ८ बाय ४२ची असावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. खालच्या अंधारात जास्त मोठं करून दाखवणाऱ्या भिंगापेक्षा जास्त उजेड घेणारं भिंग कामाचं. भ्रमणध्वनीवर तिचीच शीळ वाजवून तिला समोर बोलावायची पद्धत आता गावोगाव पोहोचली आहे, ती विणीच्या महिन्यांत तरी सोडून द्यायला हवी. नराला वाटतं इलाख्यात दुसरा नर शिरला, तो चारा सोडून वाद घालत बसतो, आणि ४४ अंशांच्या दिवशी सकाळचे दोन तासच त्याला पोट भरायला मिळालेले असतात.

शहाद्याजवळच्या जंगलात १९९७ साली रानपिंगळा पुन्हा सापडला. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. तो शोधणाऱ्या पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकी पक्षी अभ्यासकांमुळे तोरणमाळ-तळोद्याचं रान जगाच्या नकाशावर गेलं, आणि ते फार चांगलं झालं. पिंगळ्यासाठी मोठं, ढोलीचं झाड राखायला हवं हे आता वनरक्षकापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे जाणतात. त्याच झाडाच्या बुडाशी जून-जुलैत येणारा नवरंग पानं उलटत असतो, सातभाई शेणखत उकरावं तसा पाचोळा उकरतात, नाचण शेपटीचा पंखा फिरवत किडे उठवते. त्यांच्यासाठी झाडाखालची जागाही राखायची, हे मात्र अजून कोणाच्या आराखड्यात दिसत नाही. वनविभागाच्या जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, जानेवारीतच नीट जाळून घेतल्या आणि नाल्याच्या दोन्ही काठांना दहा-दहा मीटर जाळरेषेपासून मोकळे ठेवले, तरी पुष्कळ साधेल.

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की बांधावरचं मडकं उतरवून कोरडं करून ठेवावं, वात काढून टाकावी. परळ मात्र आणखी महिनाभर राहू द्यावं. खान्देशात पहिल्या पावसानंतर उघडीप पडते, कधी तीन आठवड्यांची, आणि तेव्हा घरट्यात पिल्लं असतात.